ड्रायव्हर अपडेटनंतर कॉम्प्युटर हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

रात्री विंडोजने काहीतरी अपडेट घेतलं. सकाळी कॉम्प्युटर नीट चालू झाला, डेस्कटॉप आला, आणि थोड्या वेळाने सगळं जागच्या जागी थांबलं. माऊस हलेना, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकेना. बटण दाबून बंद केला, परत लावला, परत तेच. आता तो फोंड्यातल्या दुकानात न्या, म्हापशात न्या नाहीतर मडगावात, उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारावा लागेल."

मी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचं काम करतो. त्यामुळे शेजारच्यांचे, नातेवाइकांचे, भजनी मंडळातल्या लोकांचे बिघडलेले लॅपटॉप माझ्याकडेच येतात. त्या अनुभवावरून सांगतो, अशा वेळी फॉरमॅट हा शेवटचा उपाय, आणि कित्येकदा तो उपायसुद्धा नाही. विंडोज नव्याने घातलं आणि इंटरनेट जोडलं की विंडोज अपडेट तोच नवा ड्रायव्हर (पडदा, वाय-फाय, प्रिंटर असा एकेक भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) पुन्हा आणून बसवतं. म्हणजे फोटो गेले, फॉन्ट गेले, टॅलीचा डेटा गेला, आणि चार दिवसांनी मशीन परत हँग. दोष एका ड्रायव्हरचा असेल तर तेवढा एक मागे न्यायचा आणि तो पुन्हा येणार नाही एवढं बघायचं. हे काम घरी बसून होतं.

खालच्या पायऱ्या विंडोज 10 आणि 11 साठी आहेत. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तरी गोव्यात घराघरांत ते अजून चालू आहे. मेनूंची नावं दोन्हींत थोडी इकडेतिकडे असतील, रस्ता एकच.

आधी हाताशी काय काय ठेवायचं

- चालू असलेला दुसरा फोन किंवा कॉम्प्युटर.
- मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल आणि खरा पासवर्ड. रोज टाकता तो चार आकडी पिन नव्हे. सेफ मोडमध्ये (तो काय ते पायरी 3 मध्ये) पिन कधी कधी चालत नाही.
- बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाची, रिकव्हरी की. हिच्याबद्दल पायरी 3 मध्ये सविस्तर.
- वायरवाला यूएसबी माऊस, आणि डेस्कटॉप असेल तर वायरवाला कीबोर्ड. ब्लूटूथवाले ऐनवेळी दगा देतात.
- लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर. खालच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. समुद्राकाठच्या दमट हवेत ही स्टिकरं लवकर पुसट होतात.
- डेटा काढायला एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह.
- वॉरंटी चालू असेल तर खरेदीचं बिल.
- डेस्कटॉप असेल तर यूपीएस. पावसाळ्यात तर हवाच.

1. दोष खरंच ड्रायव्हरचा आहे का, ते ठरवा

ही पायरी सगळे जण टाळतात, आणि पुढचा निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

मशीन थांबलेलं असतानाच कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, फक्त पडदा अडकलाय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन, बीप वाजून सगळं परत आलं, तर संशयित जवळपास सापडलाच: ग्राफिक्सचा ड्रायव्हर. दिवाच हलत नसेल, किंवा गाण्याचा एकच तुकडा घरघरत राहिला असेल, तर अख्खं मशीन अडकलंय.

नेमकं कधी अडकतं तेही लिहून ठेवा. व्हिडिओ लावला की अडकत असेल तर ग्राफिक्स. वाय-फाय जोडलं की अडकत असेल, आणि वाय-फाय बंद ठेवून तासन्‌तास नीट चालत असेल, तर वाय-फायचा ड्रायव्हर. झाकण मिटून परत उघडल्यावर जागं होत नसेल तर बहुधा ग्राफिक्स किंवा चिपसेट (मदरबोर्डवरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिप). मराठी डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक, ज्याला आपण डोंगल म्हणतो, ते लावलं की हँग होत असेल तर आधी त्याच्याकडे बघा. या लॉकलाही स्वतःचा ड्रायव्हर असतो आणि तो बहुतेक वेळा फार जुना असतो.

आता तारखा जुळवा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्टरी, त्यात ड्रायव्हर अपडेट्स. कुठला ड्रायव्हर कोणत्या दिवशी बसला ते तिथे दिसतं. मग स्टार्टमध्ये इंग्रजीतून रिलायबिलिटी टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. दिवसागणिक एक आलेख येतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली असते. ड्रायव्हर बसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या असतील तर आणखी पुरावा नको. माझ्या मते विंडोजमधलं हे सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं पान आहे.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. तिथे 'कर्नल-पॉवर 41' अशी लाल नोंद दिसते आणि लोक घाबरून पॉवर सप्लाय बदलायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता परत चालू झालं. तुम्ही बटण दाबून बंद केलंत तरी ती पडते, लाईट गेली तरी पडते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाईट किती वेळा जाते हे काय सांगायचं! यूपीएसशिवाय चालणाऱ्या कुठल्याही गोंयकाराच्या डेस्कटॉपवर अशा नोंदींची रांगच असते. त्यापेक्षा सिस्टमच्या लॉगमध्ये 'डिस्प्ले' या नावाखाली 4101 नंबरची नोंद आहे का बघा. ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि नंतर तो सावरला, असा तिचा अर्थ. ती काहीतरी सांगते.

शेवटची चाचणी सोपी आहे. मशीन चालू करताना बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यात जा आणि अर्धा तास तसंच सोडून द्या. तिथे विंडोजचा एकही ड्रायव्हर चालू नसतो. तिथेही अडकत असेल तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. रॅम, उष्णता, धुळीने भरलेला पंखा, मदरबोर्ड यांतलं काहीतरी आहे. अशा वेळी सरळ पायरी 8 वर जा.

2. बंद-चालू करताना 'रीस्टार्ट'च करा

छोटी गोष्ट, पण हिच्यापायी लोकांचे तास जातात. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक ठिकाणी आधीपासून चालू असते. ती चालू असताना 'शट डाउन' केलं तर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. म्हणजे बंद करून लावलं तरी ड्रायव्हर नव्याने सुरू झालेलाच नसतो. 'रीस्टार्ट' केलं तरच तो खऱ्या अर्थाने पहिल्यापासून सुरू होतो. इथून पुढे 'परत चालू करा' असं म्हणेन तिथे रीस्टार्टच समजा.

3. सेफ मोडमध्ये शिरा

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उठतं. ग्राफिक्ससाठी कंपनीचा ड्रायव्हर न वापरता मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर लागतो. म्हणून जे मशीन एरवी पाच मिनिटं टिकत नाही ते इथे शांतपणे चालतं. अक्षरं मोठी आणि चित्र ओबडधोबड दिसेल, आवाज येणार नाही. तो बिघाड नव्हे.

जुन्या काळी एफ8 दाबलं की झालं. विंडोज 8 पासून ते सहसा चालत नाही. आता दोन वाटा आहेत.

लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोहोचता येत असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि पॉवरच्या चिन्हातून रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, या क्रमाने जा. मग यादी येते. 4 दाबलं की सेफ मोड, 5 दाबलं की इंटरनेटसह सेफ मोड. संशय वाय-फायवर असेल तर 4 च घ्या.

तिथपर्यंतही पोहोचत नसेल तर मशीन लावा, विंडोजचं चिन्ह दिसलं की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जातं. पडद्यावर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' अशी सूचना किंवा बायोसचं अपडेट दिसत असेल तेव्हा मात्र बटणाला हात लावायचा नाही.

आता ती बिटलॉकर की. नव्या विंडोज 11 च्या लॅपटॉपवर डिस्कचं कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेफ मोडकडे निघालं की मशीन अचानक 48 आकडी की मागतं. फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन त्या डिव्हाइसची रिकव्हरी की शोधा. पडद्यावर एक 'की आयडी' दिसतो, त्याची सुरुवातीची अक्षरं अकाउंटमधल्या आयडीशी जुळवा आणि मग ते 48 आकडे टाका. लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने सुरू करून दिला असेल तर की त्याच्या अकाउंटात असण्याची शक्यता आहे. अशा दुकानदाराचा नंबर आत्ताच शोधून ठेवा. की कुठेच सापडली नाही तर त्या डिस्कवरचा डेटा कुणालाही काढता येत नाही.

सापळा: यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ 'एमएसकॉन्फिग' (विंडोज कसं उठावं ते ठरवणारं साधन) उघडून 'सेफ बूट'वर टिक करायला सांगतात. ती टिक काढेपर्यंत मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उठतं, आणि तिथे पिन चालेना, पासवर्ड आठवेना अशी वेळ आली की माणूस स्वतःच्याच घराबाहेर अडकतो. शिफ्ट-रीस्टार्टची वाट पुरेशी आहे.

19 जुलै 2024 आठवतोय? विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते तो दिवस. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या, विंडोजच्या अगदी आत चालणाऱ्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख कॉम्प्युटर बसले. त्यावर सांगितलेला उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल उडवा. कुणी 85 लाख कॉम्प्युटर फॉरमॅट केले नाहीत.

सेफ मोडमध्ये शिरल्याबरोबर पहिलं काम: डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो, हिशेब हे सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग पुढे.

4. ड्रायव्हर मागे न्या

विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. ग्राफिक्स असेल तर 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स', वाय-फाय असेल तर 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स'. नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, वर 'ड्रायव्हर' हा टॅब. पडद्याचा फोनवर फोटो काढा, म्हणजे कोणत्या व्हर्जनने त्रास दिला ते नोंदलेलं राहील. मग 'रोल बॅक ड्रायव्हर'. कारण विचारतील, कुठलंही निवडा. परत चालू करा.

बऱ्याच लॅपटॉपवर ग्राफिक्सची दोन नावं दिसतात, एक इंटेल किंवा एएमडीचं आणि दुसरं एनव्हिडियाचं. दोन्ही एकदम बदलू नका. ज्याची अपडेटची तारीख जुळते तोच मागे न्या आणि दिवसभर बघा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

'रोल बॅक' पुसट दिसतंय, दाबलं जात नाही? म्हणजे जुना ड्रायव्हर परत घेण्यासाठी नोंदलेला नाही. तेव्हा त्याच पडद्यावर 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक' अशी वाट धरा. मशीनमध्ये पडून असलेल्या ड्रायव्हरांची यादी येते, तीत जुनं व्हर्जन असेल तर ते घ्या.

तेही नसेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. इथे एक छोटा चौकोन येतो, ड्रायव्हरसुद्धा काढून टाकायचा का असं विचारणारा. त्यावर टिक केली नाही तर रीस्टार्टनंतर विंडोज आपल्या साठ्यातून तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा बसवतं, आणि तुम्हाला वाटतं की ही पायरी निरुपयोगी आहे.

'स्टोरेज कंट्रोलर्स' या गटाला मात्र हात लावू नका. तिथला ड्रायव्हर गेला तर विंडोजला स्वतःची डिस्कच दिसेनाशी होते.

तारखांबद्दल एक गंमत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कित्येक गोष्टींपुढे 21 जून 2006 ही तारीख दिसते. ती बघून "अरे, हा तर किती जुना!" म्हणत लोक एकेक अपडेट करत सुटतात. मायक्रोसॉफ्ट आपल्या अंगच्या ड्रायव्हरांना मुद्दाम हीच तारीख देतं, कारण त्यामुळे उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर नेहमी नवा ठरतो. इंटेलच्या चिपसेटपुढे तर 18 जुलै 1968 दिसते. तो इंटेलच्या स्थापनेचा दिवस. या तारखा बघून काहीही बदलायचं नाही.

निळ्या पडद्यावर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असंही एक बटण असतं. त्याने विंडोजचे महिन्याचे अपडेट जातात. ड्रायव्हर वेगळा येतो, तो त्याने जात नाही.

5. तरीही हँग होत असेल तर

आधी 'सिस्टम रिस्टोर' (विंडोजला जुन्या तारखेच्या स्थितीत परत नेणारी सोय) आहे का बघा. पायरी 3 मधल्या निळ्या पडद्यावरच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्येच मिळतं. अपडेटच्या आधीच्या तारखेचा पॉइंट असेल तर तो निवडा. तुमचे फोटो आणि फाइली जात नाहीत. त्या तारखेनंतर घातलेली सॉफ्टवेअर जातात. कित्येक मशीनवर ही सोय बंदच असते, त्यामुळे काही सापडलं नाही तर नवल नाही.

दोष ग्राफिक्सचाच असेल तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचं फुकट साधन आहे. लोक त्याला डीडीयू म्हणतात. ते जुन्या ड्रायव्हरचे उरलेसुरले तुकडेही पुसून काढतं. सेफ मोडमध्येच चालवा, आणि इंटरनेट तोडून, नाहीतर तुम्ही पुसत असताना विंडोज मागच्या दाराने ड्रायव्हर आणतं.

नंतर ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, तुमच्या मॉडेल नंबरसाठी दिलेला. तिथला ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरच्यापेक्षा जुना दिसेल. दिसू दे, तो तुमच्या मॉडेलसाठी तपासलेला असतो. फाइल आधीच उतरवून ठेवा आणि नेहमीच्या मोडमध्ये परतल्यावर चालवा. सेफ मोडमध्ये बरेचसे इन्स्टॉलर चालतच नाहीत.

'तुमचे 23 ड्रायव्हर जुने झालेत' असं ओरडणारी फुकट सॉफ्टवेअर घेऊ नका. एका क्लिकमध्ये पंधरा ड्रायव्हर बदलले तर त्यातला नेमका कुठला बिघडला ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

6. डोंगलवाल्यांसाठी

चतुर्थीच्या आधीचे दिवस, जत्रांचा हंगाम, नाटकांची हँडबिलं: डीटीपीवाल्याचं मशीन बंद पडायची वेळ हीच असते. जुन्या लॉकच्या ड्रायव्हरवर संशय असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात 'कोअर आयसोलेशन' उघडा. 'मेमरी इंटिग्रिटी' ही घातक ड्रायव्हरांपासून विंडोजचा गाभा वाचवणारी सोय चालू होत नसेल तर तिथे न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी मिळते. लॉकचा ड्रायव्हर त्यात असेल तर सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे नवा मागा. मेमरी इंटिग्रिटी बंद करून जुनाच चालवणारे पुष्कळ आहेत. मी म्हणेन, तसं करायचंच असेल तर त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका. हंगाम चालू असताना तर कुठलाच ड्रायव्हर बदलू नका.

7. तोच ड्रायव्हर पुन्हा येऊ देऊ नका

मशीन बरं झालं म्हणून इथेच थांबलात तर आठवड्यात परत पहिल्या पायरीवर याल.

विंडोज अपडेटमध्ये जाऊन अपडेट थांबवा. 'पॉज'ची मुदत जास्तीत जास्त पाच आठवडे, आणि ती संपली की साचलेले अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही. पण सदोष ड्रायव्हर असेल तर तेवढ्यात त्याची दुरुस्ती येण्याची बरीच आशा असते.

अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या (इथे विंडोज अपडेटमधल्या, निळ्या पडद्यावरच्या नव्हे) 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हर दिसतील. हवा असल्याशिवाय टिक करू नका. स्टार्टमध्ये 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून तिथे 'नो' निवडा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे आतले नियम बदलण्याच्या साधनात) विंडोज अपडेटखाली, अपडेटबरोबर ड्रायव्हर आणू नका अशी सोय आहे. पक्का बंदोबस्त हाच. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी मिळत नाही.

मग दोन दिवस नेहमीचं काम करा. ज्याने अडकायचं तेच मुद्दाम करून बघा: व्हिडिओ लावा, झाकण मिटा-उघडा, प्रिंट द्या. रिलायबिलिटीच्या पानावर नवी लाल फुली नसेल तर जमलं.

8. दुकानात न्यायचीच वेळ आली तर

सेफ मोडमध्येही अडकतं, बायोसमध्येही अडकतं, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येतो, तर घरी झटापट करू नका. जमल्यास 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' एकदा चालवा, रॅमचा ढोबळ अंदाज येतो. वॉरंटी असेल तर आधी कंपनीचं सर्व्हिस सेंटर. बाहेर उघडलं तर नंतर वाद होतात.

दुकानात नुसतं "हँग होतो" म्हणू नका. कुठल्या तारखेला कुठला ड्रायव्हर आला, मागे नेल्यावर काय झालं, सेफ मोडमध्ये किती वेळ चालला, हे सांगा आणि व्हर्जनचा तो फोटो दाखवा. पावतीवर 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असं लिहून घ्या, चार्जर दिला असेल तर तोही पावतीवर लिहून घ्या. डेटा आधीच काढलेला असू दे. बिटलॉकरची की मागितली तर लिहून द्या, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड देऊ नका. त्या लॅपटॉपवर लॉगिन करायची गरज पडली तर समोर उभं राहून तुम्हीच टाका.